सेटअपवाली

"सेटअप म्हणजे झाडू-पोछा. ते तू कर. तुमच्या लोकायच्या हाताले सवय राहते."

सर असं म्हणाले. भर लॅबमध्ये, सगळ्यांसमोर. माझ्या गटातली तिघं मुलं हसली. त्यातला एक धानगिरणीवाल्याचा, तो जरा उशिरा हसला, इतकाच काय तो फरक. मीही हसले. तेव्हा तोंडाला हसायची सवय होती.

गोंदियातलं खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज. दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. गट सरांनीच पाडले होते. तिघं शहरातले, घरी कॉम्प्युटर असलेले. चौथी मी, केशोरीकडची. बाप दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान रोवणारा. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. तो फोटो कॉलेजात कुणी पाहिला नव्हता, पण आडनावावरून सगळ्यांना दिसत होता.

प्रोजेक्ट होता एका खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर. खुली म्हणजे तिचा सगळा कोड उघडा. कुणीही घ्या, वाचा, बदला, आपल्या मशीनवर स्वतः बांधून चालवा. कुणाला विचारायचं नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरं वाटलं नाही. सगळ्यांसाठी म्हणून ठेवलेलं आमच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. तिच्यापर्यंत जायची वाट मात्र सरांच्या लॅबमधून होती.

कोडमध्ये एक ओळ बदलायची तरी आधी मशीन त्या कामाला तयार करावं लागतं. कोड आणा. तो बांधायची हत्यारं आणा. ती एकमेकांशी जुळतात का बघा. मग पूर्ण सिस्टिम एकदा जशीच्या तशी बांधून चालवून दाखवा. त्यानंतर बदल. ह्या आधीच्या सगळ्या मरमरीला सेटअप म्हणतात. लग्नातल्या मानकऱ्यांसारखा प्रकार. एकाला आणलं की तो म्हणतो, अमका आल्याशिवाय मी पानावर बसत नाही. अमक्याला आणायला जावं तर त्याचा रुसवा वेगळाच.

त्यात लॅबचं नेट असं की एक फाईल उतरायला लावावी आणि जेवून यावं. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर सीडी मिळायच्या, त्या मागून आणल्या. बांधणी सुरू केली की जुनं मशीन तासन् तास घरघरत बसायचं. मध्येच लोडशेडिंग. लाईट गेली की अर्ध्या फायली रिकाम्या राहायच्या. मग सगळं पुसायचं, पुन्हा पहिल्यापासून. मी चपला दाराबाहेर काढून सकाळी शिरायचे ते लॅब बंद होईपर्यंत. बाकीचे तिघं चहाच्या टपरीवरून येताना डोकावायचे. "ए सेटअपवाली, हुआ क्या?" तेच माझं नाव पडलं.

मी का सहन करत होते? हिवाळी परीक्षा पास झाले तर पुढे नागपूरच्या एका कंपनीच्या मुलाखतीला बसता येणार होतं. एकही विषय राहिलेला त्यांना चालत नव्हता. प्रोजेक्टचे मार्क सरांच्या हातात. घरी एवढंच ठाऊक होतं की पोरगी यंदा नोकरीला लागते. म्हणून हसत होते.

मग नवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या कॉलेजात यंत्रांची पूजा व्हायची. वर्कशॉपमध्ये लेथ मशीनची, लॅबमध्ये कॉम्प्युटरची. त्या दिवशी मी सकाळीच बांधणी लावली होती आणि नवल म्हणजे लाईट गेली नव्हती. पडद्यावर ओळी सरकत होत्या. कुठंही अडकत नव्हत्या. मला कळत होतं, आज होतं. आज नक्की होतं.

सर पूजेचं ताट घेऊन आले. मागं तिघं. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या झेंडूचे हार.

"बंद कर सगळं."

"सर, थोडंच राहिलं. एवढं होऊ द्या."

"पूजेच्या दिवशी यंत्र चालवत नाई. तुमच्यात नसते, तुले काय माहीत!"

आणि त्यांनी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. घरघर थांबली. पडदे काळे झाले.

"तू बाहेर थांब. आटपलं की बोलावतो."

मी बाहेर थांबले. चपलांजवळ. आत मॉनिटरला हार घालत होते, कीबोर्डवर हळदीकुंकू वाहत होते. आरती झाली. नारळ फुटला. ज्या मशीनपुढं मी महिनोन् महिने कमरेचा काटा ढिला केला, त्याच्या पूजेला मी बाहेर. मग हाक आली. पुढं गेले तर प्रसाद नव्हता. सरांनी फरशीवर सांडलेलं नारळाचं पाणी दाखवलं.

"पुसून घे जरा. आज चपराशी सुट्टीवर हाये."

तिघं उभेच होते. एकानं कोपऱ्यातलं फडकं पायानं माझ्याकडं सरकवलं. मी वाकले. पुसलं. गावाकडच्या बसमध्ये बसेपर्यंत रडू आलं नाही, बसमध्ये मात्र आवरेना.

दुसऱ्या दिवशी आमचा सण. धम्म स्वीकारल्याचा दिवस. विहारात वंदना झाली, घरी खीर झाली. मी पांढरी साडी नेसून कोपऱ्यात बसून राहिले. बापानं विचारलं, "काऊन वो बाई, तोंड पाडून बसून राहिली?"

मी सांगितलं. सगळं. वाटलं, जवळ घेईल.

बापानं हातातली खिरीची वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "तुया आज्यानं गावची झाडलोट सोडली, मेलेली ढोरं वढनं सोडलं. तवा गावानं आमचं पानी बंद केलं. तरी त्यानं झाडू हाती घेतला नाई. अन् तू कालेजात जाऊन फरशी पुसून राहिली?"

आई म्हणाली, "जाऊ द्या नं जी. शिकून राहिली थे."

"कायले शिकून राहिली मंग?"

त्याचा राग आला मला. खूप आला. तुम्हाला काय कळतं मार्कांचं, असं तोंडापर्यंत आलं होतं. पण मी उठून आत गेले, तो प्रश्न घेऊन.

सुट्टीनंतर मी परत गेले. कीबोर्डच्या फटीतलं कुंकू झटकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सिस्टिम बांधून झाली. चालली. त्यात माझा एक लहानसा बदल घातला, तोही चालला. कुणाला सांगितलं नाही.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. तिघं टाय लावून, पाठ करून आलेले. सर मला म्हणाले, "चालू करून दे अन् बाजूले हो. बोलतीन हे."

मी मशीन चालू केलं. खुर्चीवर बसून राहिले.

"ऊठ."

"नाही सर. हे मी बांधलंय. ह्यावर मीच बोलणार."

खुर्चीची कड धरून ठेवली होती. शूरबिर काही नव्हते मी. सर जवळ वाकून हळू म्हणाले, "मंग बस तशीच." आणि परीक्षकांना पलीकडच्या टेबलावर घेऊन गेले. तिथं छापील रिपोर्ट होता, चहा होता, काजू होते. परीक्षकांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि रिपोर्ट चाळला. माझ्या पडद्यापाशी कुणी आलं नाही. अन्यायाला वाचा फुटते वगैरे म्हणतात, तसलं काही झालं नाही. तिघं पास झाले, माझे मार्क सरांनी रोखून धरले.

संध्याकाळी सरांनी बोलावलं. "सॉरी म्हन. इथंच संपते विषय. नाई तं वर्ष जाईन तुयं."

मुलाखत डोळ्यांपुढे होती. रोवणीनं वाकलेली आई डोळ्यांपुढे होती. एक शब्द, तोही इंग्रजी. किती सोपं होतं!

"नाही म्हणत, सर."

वर्ष गेलं. मुलाखत गेली. घरी सांगितलं तेव्हा आई रडली, बाप उठून बांधीवर निघून गेला. शाबास कुणी म्हटलं नाही. पुढच्या वर्षी मी त्याच सरांसमोर एकटीनं परीक्षा दिली आणि कसेबसे काठावरचे मार्क घेऊन बाहेर पडले.

आता पोटासाठी हेच सिस्टिम बांधायचं काम करते, दुसऱ्या शहरात. दर नव्या ऑफिसात कुणीतरी गोड आवाजात म्हणतंच, "मॅडम, तुम्ही सेटअप करून द्या, पुढचं आमची टीम बघेल." पूर्वी राग यायचा. आता नुसता शीण येतो. दर वेळी तेच, दर वेळी पहिल्यापासून. मी विचारते, पुढचं काय आहे ते इथंच दाखवा, मीही करणार आहे. लोकांची तोंडं उतरतात. मी आखडू आहे असं मागं बोलतात. बोलू देत.

मी थकले आहे, हे खरं आहे. म्हणून खुर्चीवरून उठेन, असं कुणी समजू नये.