सोडणं आणि कमी करणं

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं: तीन आठवडे एक गोळी, मग तीन आठवडे अर्धी, मग पाव. आणि त्याखाली जाड रेघ मारून, ‘एकदम बंद करू नये.’ नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी ठाण्यात वर्तकनगरला राहायचे, प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि दीड वर्ष मन खचल्याच्या गोळ्या घेत होते. नवरा सोडून कोणाला माहीत नव्हतं, आणि त्यालाही माहीत नसल्यासारखं वागायला आवडायचं.

दवाखाना खोपटच्या एसटी स्टँडजवळ, दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर होते, हे आमचं नशीब. जिन्यात कोणी ओळखीचं दिसलं की गालाला हात लावायचा. तिथेच ती भेटली. ती वर चढत होती, मी उतरत होते, आणि दोघींचेही हात गालावर. ती फिसकन हसली.

ती डोंबिवलीजवळच्या एका गावातली, आगरी घरातली सून. सासऱ्यांनी शेतावर चार मजले उठवले होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती रडायला लागली ती थांबेचना, म्हणून गोळ्या. माझ्याहून आठदहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. तिचाही कागद माझ्यासारखाच होता. मग दर गुरुवारी दुपारी आम्ही स्टँडच्या बाकड्यावर बसू लागलो. दोन बायका तासभर तिथे का बसल्यात असं कोणी विचारत नाही. गाडी लेट असते.

“ताई, आज कितीवर?” हा आमचा नमस्कार.

“अर्धीवर. तू?”

“मी पन. पन घाम येतो ना, साडी पिळून घ्यावी इतका.”

मलाही यायचा. मळमळायचं, भलतीसलती स्वप्नं पडायची, फळ्याकडे वळलं की गरगरायचं. डॉक्टर म्हणायचे, होतं असं. ती “मना पन होतं” म्हणायची तेव्हा कुठे माझा त्यावर विश्वास बसायचा. गोळीचे तुकडे दाढीच्या ब्लेडने करायचे ही युक्ती तिची. सुरीने चुरा होतो. एकदा मी हे कमी करणं टाकून पुन्हा पहिल्यासारखी पूर्ण गोळी घ्यायला निघाले होते, तर तिने मला दोन तास बाकड्यावर बसवून ठेवलं, शेंगा खायला घातल्या, सासूच्या नकला करून दाखवल्या. माझ्यासाठी घरातल्या कोणी तेवढं केलं नव्हतं.

मग एका गुरुवारी ती पेढे घेऊन आली. “ताई, मी सोडल्या!”

सासू तिला कुलदेवीला घेऊन गेली होती. नारळ फोडला आणि देवीसमोर गोळ्या सोडायला लावल्या. सासऱ्यांनी तिथेच दारू सोडली होती, पुन्हा थेंबाला शिवले नव्हते. त्यांच्याकडे सोडणं म्हणजे हे. आमच्याकडे तरी काय वेगळं होतं? माझ्या आईने काशीला वांगं सोडलं आणि मरेपर्यंत भरीत खाल्लं नाही. डॉक्टर दर खेपेला सांगायचे, “हळूहळू सोडायच्या.” तिने त्यातलं ‘सोडायच्या’ ऐकलं. देवाला सोडलेली वस्तू कोणी पाव पाव करत सोडतं का? डॉक्टरांनी ‘कमी करा’ म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या माथी मारून मी सुटत नाही. मला कागद वाचता येत होता, ती जाड रेघही दिसत होती. आणि मी काय केलं, तर पेढा तोंडात टाकला आणि “शाब्बास” म्हटलं. खरं म्हणजे माझा जळफळाट झाला होता. मी अजून अर्धीवर अडकलेली, आणि ही बया सुटली!

पुढचे दोन गुरुवार ती आली नाही. तिसऱ्या गुरुवारी तिने कधीतरी सांगितलेल्या खुणांवरून मी तिचं घर शोधून काढलं.

ती दिवाणावर भिंतीला टेकून बसली होती. कितीतरी दिवस झोप नाही, पोटात अन्न ठरत नाही, हात थरथरतायत. तान्हं मूल जावेकडे. मी सासूला सांगितलं, मी शाळेत शिकवते, दवाखान्यात एका मैत्रिणीला सोबत म्हणून जाते, तिथे हिची ओळख झाली. कोणी काही विचारायच्या आधीच हे खोटं मी दारात बोलून टाकलं. मग म्हटलं, “हिला आजच डॉक्टरांकडे न्या. गोळी पुन्हा सुरू करावी लागेल.”

सासू वाईट बाई नव्हती. तिने चहा दिला. म्हणाली, “देवीची मी माफी मागीन, बाय. पन मना एक सांगा. ह्या गोल्या खाऊन शहानी राह्यलेली, घर चालवनारी एक तरी बाय बघली हाय का तुम्ही?”

“बघितली आहे. माझी ती मैत्रीण. नोकरी करते, संसार करते.”

“मंग तिला आना. माझ्यासमोर बसू दे. तिनं सांगितला तर आत्ता नेतो हिला.”

‘मीच ती’ एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. त्या घरात मला ओळखणारं कोणी नव्हतं. शाळा ठाण्यात, मुख्याध्यापिका ठाण्यात. त्या गावात माझी अब्रू जायची म्हटली तरी कुठून जाणार होती? तरी मी म्हटलं, “ती हल्ली इथे नसते.”

दिवाणावरून तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आता ही सांगणार, असं मला वाटलं. तिने सांगावं असंही वाटलं, आणि सांगू नये असंही. ती सासूला म्हणाली, “जाऊ द्या, आई. ताई शालेतल्या बाई हायत. त्यांना गोल्यांचं काय म्हाईत?”

मी चहा संपवला आणि निघाले.

तिला माहेरी, खडवलीला पाठवलं, इतकं कानावर आलं. पुढचं मी विचारलं नाही. माझ्या गोळ्या काही आठवड्यांत सुटल्या, रीतसर, कागदाप्रमाणे. शेवटच्या खेपेला डॉक्टर खुशीत होते. म्हणाले, “तुमच्याबरोबर खाली स्टँडवर बसलेल्या दिसायच्या, त्या बाई येत नाहीत हल्ली. काही कळलं का त्यांचं?”

“नाही,” मी म्हटलं. “आमची तशी काही ओळख नव्हती.”