भाडं लातूरचं, पाणी मुखेडचं

आज मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमचे घरमालक दारात उभं राहून म्हणाले, "मावशी, पुढच्या महिन्यापासून भाडं दीडपट. न्हाई जमलं तर घर रिकामं करा. लातुरात डॉक्टरकीच्या ट्यूशनच्या गल्लीत पोरांचे मायबाप एका खोलीला एवढं देऊन राहिलेत."

मी म्हटलं, "माझ्या घरात कोणी डॉक्टर व्हायला बसलेलं नाही. आणि इथे नांदेडात नळाला चार दिवसांनी पाणी येतं, त्याचं काय?"

"मुखेडकडे तर टँकरची वाट बघतात, मावशी!"

म्हणजे भाड्याला लातूर आणि पाण्याला मुखेड. माझी पेन्शन मात्र नांदेडचीच आहे.

शेजाऱ्यांनो, तुम्ही किती भाडं देता ते खाली लिहा. मालक, तुम्हीही या ग्रुपवर आहात. आपल्याच गल्लीचा दर धरून भाडं ठरवा आणि सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवा.