मारबतीच्या दिवशी घेतलेलं नाव

शालिकराम भोयर गुरुजी गेले तेव्हा शाळेत शोकसभा झाली. शहाऐंशीचा जानेवारी होता. एकामागून एक वक्ते उठले आणि सगळ्यांच्या तोंडी तेच ते, कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, निःस्पृह. मागच्या बाकावर बसून मी मनात म्हणत होते, अरे, माणूस गेलाय की इन्स्पेक्टरसाहेबांचा शेरा वाचताय? माझी जीभ तिखट आहे हे काटोलपासून नागपूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक, म्हणून मला कोणी बोलायला उठवलं नाही. बरंच झालं. मला आठवत होतं ते हारतुऱ्यांपुढे सांगण्यासारखं नव्हतं.

ते माझे भाऊजी. माझी थोरली बहीण प्रेमिला त्यांना दिली होती. मी शामला, तिच्या पाठची. आमच्या वडिलांची काटोलला संत्र्याची बाग, आणि जावई शोधला तो गांधीबागेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहणारा मास्तर. काडीपैलवान, जाड भिंगांचा चष्मा, बोलायला लागला की समोरच्याला विज्ञान शिकवल्यासारखा. मला तो मुळीच पसंत नव्हता, पण मला विचारतो कोण!

लग्नानंतर मात्र मी पाहतच राहिले. सकाळी नळावर बायकांच्या रांगेत हा एकटा पुरुष बादली घेऊन उभा. दोन्ही मुलींच्या वेण्या तेच घालत, आणि भांग असा सरळ की पट्टीनं आखलाय. गल्लीतली माणसं त्यांना ताटाखालचं मांजर म्हणत. ते हसून म्हणायचे, "मांजर तं मांजर. दूध तं भेटते ना!"

एवढं असूनही ताईला त्यांनी नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. लग्नात उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच. एरवी 'अवं', नाहीतर थोरल्या मुलीच्या नावानं 'देवकीची माय'. आमच्याकडे तेच वळण. बाई नांदायला आली की तिचं नाव माहेरीच राहतं. मग ती कोणाची माय, कोणाची वहिनी, शाळेतल्या पोरांची काकू. मी तरी कुठे नाव घेत होते? मी ताईच म्हणायचे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते. बांबू-कागदाच्या दोन अक्राळविक्राळ बाया, एक काळी, एक पिवळी. सारं शहर इतवारीत लोटतं, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असं ओरडतं आणि दुखण्याबहाण्यासकट त्यांना गावाबाहेर नेऊन जाळतं. भाऊजींची यावर दरवर्षीची गंमत ठरलेली. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारायचे, "काल मारबत गेली. आता सांगा रे, कोणाच्या घरचा खोकला गेला?" भाबडी पोरं हात वर करायची. "बरं. पुढच्या हप्त्यात सांगा वापस आला का ते." पुढच्या आठवड्यात खोकला हटकून परत आलेला असायचा. मग पाणी उकळून पिण्यावर धडा.

त्र्याहत्तर साली ताईनं अंथरूण धरलं. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यानं हृदयाची झडप खराब झाली म्हणे. पायांवर सूज, दोन पावलं टाकली की दम. ऑपरेशनचा काळ निघून गेला, असं मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं. मी ताईच्या शुश्रूषेसाठी काटोलहून आले ती राहिलेच.

भाऊजींनी स्टोव्ह तिच्या खाटेजवळ आणून मांडला. ती पडल्या पडल्या सांगणार, हे करणार. "मीठ टाकलं?" "टाकलं." "हळद?" "थांब ना वं, परीक्षा घेऊन राहिली का माझी!" ती हसायची, हसता हसता धाप लागायची, आणि मग त्यांचा चेहरा उतरायचा. कढई तशीच ठेवून ते तिचे पाय चेपत बसायचे.

त्या वर्षी मारबतीच्या दिवशी ते सकाळीच बाहेर पडले. कुठे जातो ते सांगितलं नाही. बराच वेळ झाला, तेव्हा मुलींना ताईजवळ बसवून मी त्यांना शोधायला निघाले. इतवारीच्या रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. एका कापडदुकानाच्या पायरीवर कशीबशी उभी राहिले, आणि काळ्या मारबतीच्या अगदी पुढे मला भाऊजी दिसले. टोपी कुठे पडली होती कोण जाणे. सदरा घामानं चिकटलेला, मान वर, दोन्ही हात वर. ते बेंबीच्या देठापासून ओरडत होते,

"प्रेमिलाचं दुखणं घेऊन जा गे मारबत! प्रेमिलाचं दुखणं घेऊन जा!"

लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. याचं डोकं फिरलं की काय! बाजूच्या ओट्यावर त्यांच्याच वर्गातली पोरं चढून बसली होती. मला वाटलं, आता ही कार्टी फिदीफिदी हसणार. वर्षानुवर्षं ज्यांची टिंगल केली, त्यांच्यापुढे मास्तर रंगेहाथ सापडला होता. पण पोरांनी एकदम उड्या मारल्या, गुरुजींच्या मागे धावली आणि गळा फाडून ओरडू लागली, "काकूचं दुखणं घेऊन जा गे मारबत!"

मी त्या पायरीवर खाली बसले आणि ढसाढसा रडले.

ते घरी आले तेव्हा ताई जागीच होती. तिनं विचारलं, "कुठं गेले होते?"

"शाळेत. काम होतं."

"सुटीच्या दिवशी? अन् गळा काहून बसला?"

ते सदऱ्याच्या बाहीनं चष्मा पुसू लागले.

"मले आवाज येऊन राहिला होता," ताई म्हणाली. गल्ली मिरवणुकीच्या रस्त्याला लागूनच, येणारच. "माझं नाव घेतलं तुमी. साऱ्या इतवारीले ऐकवलं. घरात तं कधी घेतलं नाही. आता एकदा घ्या ना, माझ्यासमोर."

भाऊजींचे कान लाल झाले. "शामला हाय इथं."

"मी जाते बाहेर," मी म्हटलं.

"अवं, तसं नाही." ते पुरते गोंधळले होते. "दिवाळीच्या पाडव्याले घेईन. तू ओवाळशील तेव्हा. चांगला लांबलचक उखाणा जोडून."

"पक्कं?"

"पक्कं."

आणि खरंच, पुढे काही दिवस ताईला बरं वाटलं. सूज ओसरली. ती ओट्यावर येऊन बसू लागली, भाजीवालीशी घासाघीस करू लागली, माझ्या भाकरीला नावं ठेवू लागली. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या होत्या, त्याचाच गुण असणार. मी तसं म्हटलं तर भाऊजी नुसतं "असंन" म्हणाले, पण चेहऱ्यावर काही वेगळंच. वर्गात त्यांनी त्या वर्षी खोकल्याचा प्रश्न काढला नाही. सायकल पुसताना ओठ हलायचे. मी विचारलं तर म्हणाले, "उखाणा जुळवून राहिलो. यमक बसत नाही." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मारबतीवर विश्वास ठेवला होता. आपल्याजवळ दिवस आहेत असं त्यांना वाटलं. त्या पाडव्याचा मला आजही राग येतो.

कोजागिरी झाली आणि दुखणं उलटलं. त्या सकाळी ताई म्हणाली, "आज जरा दम लागून राहिला." ते शाळेत जायचं रद्द करत होते, तर तिनंच दामटलं. "पोरांची सहामाही हाय. जा तुमी." ते गेले. दुपारी मी तिला पेज भरवत होते. तिनं माझा हात बाजूला केला, उशीवर मान टाकली, आणि संपलंच सगळं.

शेजारच्यांनी शाळेत निरोप धाडला. भाऊजी आले ते सायकल गल्लीतच टाकून, बोटांना खडू तसाच. घर बायकांनी भरलं होतं. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. ताईच्या उशाशी बसले, तिच्या कपाळावरचे केस नीट केले, खाली वाकले आणि म्हणाले, "प्रेमिला."

रडत नव्हते. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तसे म्हणाले. जरा थांबले. मग मोठ्यानं, "प्रेमिला." मग आणखी मोठ्यानं. माझ्यासमोर, शेजारणींसमोर, लेकींसमोर. जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. थोरली देवकी भिंतीला टेकून हुंदके देत होती. धाकटी बेबी पाच वर्षांची. ती माझ्या लुगड्याला धरून बापाकडे टकमक बघत होती. तिनं मला खाली ओढलं आणि कानात विचारलं,

"मावशी, प्रेमिला कोण हाय वं?"

मी तिला उचलून छातीशी धरलं. "तुझी आई," मी म्हटलं.