सुमनकाकूंची तिसरी घंटा

फुकट नाटकं बघायला गेलं की किस्सेही फुकटच गळ्यात पडतात, आणि ते परत करायची काही सोय नसते. माझ्याकडे असे बरेच साठलेत!

२००४ साली मी अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये आयटीत होतो. डाउनटाउनमध्ये एक जुनं, भव्य थिएटर होतं. तिथे व्हॉलंटियर म्हणून लोकांना जागा दाखवल्या की शो फुकट. साहजिकच आम्ही मराठी मंडळींनी त्याला 'आमचं राष्ट्रीय नाट्यगृह' करून टाकलं! आमचे म्होरके म्हणजे रिटायर्ड इंजिनियर दिनूकाका आणि त्यांच्या पत्नी सुमनकाकू.

*

काका दारावर असले की उशिरा येणाऱ्यांची खैर नसे. एकदा सुटातल्या एका गृहस्थांना त्यांनी अडवलं. ते म्हणाले, "अहो, मी या थिएटरचा डायरेक्टर आहे."

काका शांतपणे म्हणाले, "मग तर तुम्ही सगळ्यांच्या आधी यायला हवं होतं!"

*

शनिवारी सकाळी पाहुण्यांसाठी टूर असे. थिएटर कुणी बांधलं, झुंबर कुठून आलं, हा सगळा इतिहास काका रंगवून सांगत. शेवटी कुणीतरी हमखास विचारायचं, "इथे भूत आहे का?"

"असेल," काका म्हणायचे, "पण पहिल्या रांगेत दिसणार नाही. ती तिकिटं त्यालाही परवडत नाहीत!"

*

टूरचा शेवट स्टेजवर. ते काम काकूंचं. पहिल्याच दिवशी काकूंनी सवयीनं पायऱ्यांपाशी बूट काढले आणि स्टेजला हात लावून नमस्कार केला. मागच्या वीस अमेरिकनांना वाटलं, इथला नियमच आहे. सगळ्यांनी बूट काढले, सगळे वाकले! पुढे एक गोरा गाइडही ठणकावून सांगायला लागला, "ही आमच्या थिएटरची फार जुनी परंपरा आहे."

काकू मात्र स्वतः वर जात नसत. मी एकदा विचारलं, तर हसून म्हणाल्या, "तिसरी घंटा झाल्याशिवाय मी नाही रे जात."

त्यामागची गोष्ट काकांनीच सांगितली, मान खाली घालून. लग्नानंतर नागपूरला काकूंना एका नाटकात मुख्य भूमिका मिळाली होती. तालमी झाल्या, आणि प्रयोगाला चार दिवस असताना काकांच्या नोकरीपायी अमेरिकेचं विमान धरावं लागलं. प्रयोग दुसरीनंच केला. त्यानंतर काकूंनी स्टेजवर पाऊल ठेवलं नाही. ऐकून मला फार वाईट वाटलं.

*

गुडघ्याच्या ऑपरेशनआधीची काकूंची ती शेवटची टूर. पाहुणे गेल्यावर काकांसकट आम्ही पाचजण पहिल्या रांगेत जाऊन बसलो. मी घरच्या देवघरातली घंटा आणली होती. एकदा वाजवली. दुसऱ्यांदा वाजवली. मग तिसऱ्यांदा.

काकू बघतच राहिल्या. मग बूट काढले, नमस्कार केला आणि कठड्याला धरत एकेक पायरी चढून स्टेजच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पहिलं वाक्य म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

काकांना राहवलं नाही. उभे राहून ओरडले, "वन्स मोअर!"

काकूंनी डोळे पुसले आणि काकांकडे रोखून पाहिलं.

"अहो, आधी एकदा तरी होऊ द्या!"