निरोगी पिंजरा

"वढू नको, पोरी. त्याची सोंड पानात आहे. तोंड तुटलं तं उपाशी मरते बिचारा." असं म्हणत काका ओल्या ब्रशच्या टोकानं माव्याला मागून गुदगुल्या करायचे. तो इवलासा हिरवा किडा सावकाश सोंड बाहेर काढायचा, तेव्हा कुठे त्याला उचलून दुसऱ्या रोपावर ठेवायचे.

असा माणूस तुमच्याही कचेरीत असेल: आयुष्य ठेक्याच्या नोकरीत गेलेला आणि काम सगळ्यांपेक्षा जास्त कळणारा. अहिवाऱ्याजवळच्या आमच्या शेतकी केंद्रात काका गव्हावरचा मावा पाळायचे.

मला रोग त्यांनीच शिकवला. मावा रोगट रोपाचा रस पितो, त्यासोबत विषाणू त्याच्या पोटात जातो. मग जन्मभर ज्या रोपात सोंड खुपसेल, तिथे लाळेतून तो सोडत राहतो. गहू पिवळा पडतो, खुजा राहतो. पण रोगट माव्याचं पिल्लूही निरोगीच जन्मतं.

"आईचं काई लागत नाही लेकराले," काका हसायचे. "माणसाइपेक्षा बरं. आमाले तं जन्मल्याबरोबर जात चिकटवली लोकाइनं."

अशी नुकती जन्मलेली पिल्लं वेचून त्यांनी निरोगी पिंजरा उभा केला होता. सगळे प्रयोग त्यावर चालायचे. एकदा वरचे अधिकारी पाहणीला येणार होते. पिंजरा भरलेला दिसावा म्हणून केंद्राच्या साहेबांनी शेतातला मावा आणून आत झटकला.

"साहेब, हे कावून करून राहिले? सारा पिंजरा रोगट होईन."

"अरे भाई, कीडा तो कीडा है. कौन पहचानेगा?"

तीन आठवड्यांत पिंजऱ्यातलं रोप न रोप पिवळं झालं. ठपका काकांवर आला: हलगर्जीपणा. साहेबांनी ठपक्याचा कागद साक्षीसाठी माझ्यापुढे सरकवला. ठेका कामगारांच्या हक्कांची पत्रकं लिहिणारी मी, मी सही केली. नोकरी नवी होती, असं मी लोकांना सांगते. खरं तर मी भ्याले.

काकांना दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवलं. मला पाहून ते एवढंच म्हणाले, "नवा पिंजरा लावशीन तं पिल्लंच घेजो. मोठे नको."

गेल्या महिन्यात रिसालीतल्या एका नव्या कॉलनीच्या फाटकावर ते दिसले. अंगात चौकीदाराचा ढगळ निळा शर्ट. मी धीर करून म्हणाले, "काका, तो कागद... खोटा आहे हे माहीत असून मी सही केली."

ते काही बोलणार, तोच मागून एका गाडीनं हॉर्न वाजवला. काका फाटक उघडायला धावले.