पदर झाडून जा

सोमीताई गेल्याचं मला जव्हारच्या डेपोत कळलं. मोखाड्याची गाडी सुटत होती. तिच्या अंगणवाडीतली मदतनीस खिडकीतूनच म्हणाली, "बाई, ताई गेली. तापात गेली." गाडी निघून गेली आणि मी तशीच उभी… हातातल्या पिशवीत तिच्याच अंगणवाडीचा वजनकाटा होता, दुरुस्त करून आणलेला.

मी त्या भागातली मुख्यसेविका, अंगणवाड्या तपासणारी. पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा गरोदर बाया आत सरकारी योजनेतलं जेवण जेवत होत्या आणि ही उंबऱ्यात पाट टाकून वाट अडवून बसलेली. जेवण झालं की प्रत्येकीनं तिच्यासमोर पदर झाडायचा, मगच बाहेर. कुणी अंडं, भाकरी पदरात बांधून घरी नेऊ नये म्हणून. मला संताप आला. बायांची झडती कसली घेतेस, म्हटलं, दार मोकळं ठेव. नुसतं म्हटलं नाही, लेखी दिलं. नवी होते, अक्कल जरा जास्तच होती.

ती भांडली नाही. पुढच्या महिन्यात गेले तर तिनं वजनाची वही माझ्यापुढे सरकवली. कुणाचंच वजन वाढलं नव्हतं. पाचवा महिना लागलेल्या जनीचं तर उतरलं होतं. "तिची तीन पोरां हायेत घरी," सोमीताई म्हणाली. "ती बघत बसली तं आईच्या तोंडात घास जातो का, बाई? माझ्या आईच्या नाय गेला." ती वांगणीकडची. तिच्या लहानपणी तिकडे कुपोषणानं पोरं, बाया दगावल्या, वाईट वर्षं होती ती. तिची आई बाळंतपणात गेली आणि मागोमाग ते तान्हं मूलही गेलं, हे मला त्या दिवशी कळलं. माझा कागद मी तिथंच फाडला.

पुढे कधीतरी शिजवलेलं जेवण बंद करून कोरडी पाकिटं घरी द्यायची, असं कानावर यायला लागलं. दर बैठकीत सोमीताई उभी राहायची आणि तोच प्रश्न विचारायची, पाकीट घरी कोण खाणार? साहेब घड्याळाकडे बघायचे आणि मी तिचा पदर ओढून तिला खाली बसवायचे. त्याची आता फार लाज वाटते. "चूल बंद झाली ना बाई, तं ती वर्सां परत येतील," म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचे.

परवा काटा परत द्यायला गेले. तिची जागा अजून भरलेली नाही. चुलीवर पाकिटांचे खोके रचलेत, पाट भिंतीला टेकवून ठेवलाय. जनीला पुन्हा दिवस गेलेत. तिला काट्यावर उभी केली, आकडा वाचला, मग परत वाचला. काटा नुकताच दुरुस्त झालाय, त्याची चूक नाही. तिनं पाकीट काखेत धरलं, दारापर्यंत गेली आणि थांबली. उंबऱ्यात कुणी नव्हतं. तरी तिनं पदर सोडला, नीट झाडून दाखवला… आणि पाकीट घेऊन पोरांकडे गेली.