मेव्हणीची भिंत आणि बापूंचा फळा

मुंबईत ज्या भिंतीवर ‘येथे कागद चिकटवू नयेत’ असं लिहिलेलं नाही, ती प्रत्येक भिंत आपलीच वाट पाहत उभी आहे अशी माझ्या मेव्हणीची पक्की समजूत आहे. आणि जिच्यावर तसं लिहिलेलं आहे, ती जरा जास्तच आतुरतेने. व्यवसायाने ती डिझायनर आणि भित्तिचित्रकार. तीही स्वतंत्र, म्हणजे तिला साहेब नाही. साहेब नसल्यामुळे तिच्या कामात खोट काढायला कोणी उरत नाही, ती जबाबदारी तिने समाजावर टाकली आहे. तिच्या भाषेत याला ‘लोकसहभाग’ म्हणतात. गिरगावातल्या एका वाडीत तिची कामाची खोली आहे. तिथे रंगाचे डबे, ब्रश आणि लोकांची मतं लिहिलेल्या रंगीत चिठ्ठ्या इतक्या आहेत, की ती स्वतः बहुतेक वेळ आमच्या दादरच्या घरी असते.

भिंत दिसली की ही तिच्यावर हात फिरवते. एकदा दादरच्या एका हॉलमध्ये लग्नाला गेलो होतो. मंगलाष्टकं चालू होती, सगळ्यांचं लक्ष अंतरपाटाकडे, आणि ही मागच्या भिंतीला तळवा लावून डोळे मिटून उभी. नवऱ्या मुलाच्या आत्याने काळजीने विचारलं, “चक्कर येतेय का ग?” ही म्हणाली, “नाही. ही भिंत खूप गप्प आहे.” त्या आत्या पुढे जेवणाच्या पंगतीत आमच्यापासून चार खुर्च्या लांब बसल्या.

कोणालाही न विचारता काही करायचं नाही, हा तिचा दुसरा नेम. बचत गटाच्या लिंबाच्या लोणच्याला लेबल हवं होतं, तर तिने तीन आठवडे त्या बायकांच्या मुलाखती घेतल्या. तोवर लोणचं मुरलं आणि विकूनही संपलं. आम्ही हौसेने दारावरची नावाची पाटी तिच्याकडून करून घ्यायची ठरवली. तिने आम्हा नवराबायकोला वेगवेगळं बसवून ‘घर म्हणजे काय’ असं विचारलं. दोघांच्या उत्तरांत जी तफावत निघाली, तिच्यावरून आठवडाभर आमच्या घरात अबोला होता. चार महिन्यांनी पाटी आली. सागवानी, गुळगुळीत आणि कोरी. “तुमच्या घराला नावाची गरज नाही, भाऊजी,” ती म्हणाली. तेव्हापासून आमचं कुरिअर समोरच्या बिऱ्हाडात जातं.

अशा या बाईला काळाचौकीच्या एका चाळीची भिंत मिळाली. शहर सुंदर करणाऱ्या एका संस्थेने ती दिली होती, आणि हे नीट झालं तर पुढे वरळीची समुद्राकडची मोठी भिंत देऊ असंही सांगितलं होतं. त्या वरळीच्या भिंतीवरून ही गेली दोन वर्षं बसने उगीचच जा-ये करत होती. चाळीची भिंत म्हणजे फाटकातून आत शिरलं की समोर येणारी, दोन मजली उंच. मेव्हणीने गणपती मंडळाच्या खोलीत रहिवाशांच्या सहा बैठका घेतल्या. प्रत्येकाला चिठ्ठी दिली. वर छापलं होतं, ‘माझी भिंत मला काय सांगते?’ मी एका बैठकीला होतो. तळमजल्यावरच्या मालवणच्या मावशींनी चिठ्ठी उलटसुलट करून परत दिली आणि म्हणाल्या, “गो बाय, चित्रां काढ, पण ओल थांबतली काय ता पयलां सांग.” बाकीच्या चिठ्ठ्यांतही बहुतेक ओलच होती. एकाने कपडे वाळत घालायच्या दोरीचा खिळा काढू नये असं लिहिलं होतं, आणि एकाने वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांबद्दल नावानिशी तक्रार केली होती. मेव्हणीने सगळ्या चिठ्ठ्यांचं वर्गीकरण केलं. ओलीच्या चिठ्ठ्या तिच्या वहीत ‘झिरपणारी स्मृती’ या सदराखाली गेल्या.

त्या भिंतीच्या मधोमध एक फळा होता. लाकडी नव्हे, गिलाव्यावरच काळा रंग दिलेला, दाराएवढा चौकोन. त्यावर रोज सकाळी सहा वाजता बापू स्टुलावर चढून खडूने लिहीत. बापू म्हणजे चाळीतले सर्वांत जुने रहिवासी. गिरणी चालू होती तेव्हा कापडाच्या गाठींवर ब्रशने नावं घालणं हे त्यांचं काम होतं. गिरणी गेली, अक्षर राहिलं. टपोरं, सरळ, लांबून वाचता येईल असं. उद्या पाणी किती वाजता, कोणाची मुलगी परीक्षेत पास झाली, कोण वारलं आणि किती वाजता न्यायचं, हे सगळं त्या चौकोनात यायचं. कामावर जाणारा माणूस फाटकाकडे वळताना मान वर करून वाचायचा आणि पुढे जायचा. सहा बैठकांत फळा हवा असं एकानेही लिहिलं नव्हतं. अर्थात जिना हवा असंही कोणी लिहिलं नव्हतं.

तेव्हा एके दिवशी भिंतीला पांढऱ्या रंगाचा हात दिला गेला, आणि त्याखाली फळाही गेला. बापू खडूचा डबा घेऊन खाली उभे होते. त्यांनी विचारलं, “मधे काय येणार?”

“मधे तुमच्यातलीच एक बाई, बापू. गिरणीतली. हाक मारणारी.”

“बरं,” बापू म्हणाले, आणि डबा घेऊन वर गेले.

तीन महिने काम चाललं. चित्राचं नाव होतं ‘चाळीचा आवाज’. लुगडं नेसलेली एक भव्य बाई, तोंडाशी हात धरून हाक मारते आहे आणि तिच्या हाकेतून माणसं, पाखरं, सुताचे धागे निघताहेत. चित्र चांगलं होतं, हे मला नाइलाजाने कबूल केलं पाहिजे. तो चेहरा पाहून मी, उपहास ज्याचा जोडधंदा आहे असा माणूस, दोन मिनिटं गप्प उभा राहिलो होतो.

चेहरा पुरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “भाऊजी, कोणीतरी माझ्या बाईच्या कपाळावर पाण्याची वेळ चिकटवलीय. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून. खळीने.”

“लोकसहभाग दिसतोय,” मी म्हणालो. तिने फोन ठेवला.

तिने कागद काढला. दुसऱ्या दिवशी हनुवटीवर आला. तोही काढला. चौथ्या दिवशी तिने काय करावं? भिंतीच्या कोपऱ्यात एक सुबक पाटी लावली : ‘कृपया येथे कागद चिकटवू नयेत.’ उभं आयुष्य जिने त्या वाक्याशी वैर केलं, तिने ते स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलं. बापू नियम पाळणारे. त्यांनी पाटी वाचली आणि कागद थांबवले.

पुढच्याच बुधवारी पहाटे दुसऱ्या मजल्यावरच्या एक काकू गेल्या. एकट्या राहायच्या. बातमी चाळीच्या फोनवरच्या ग्रुपवर गेली, आणि पंचवीस सुप्रभातं, दोन वाढदिवस आणि गॅस वाचवण्याच्या एका युक्तीखाली ती दिसेनाशी झाली. माणसं नेहमीसारखी उठली, मान वर करून हाक मारणारी बाई पाहिली आणि कामावर गेली. काकूंना न्यायला सात जण होते.

संध्याकाळी मी बायकोने दिलेला डबा घेऊन तिथे गेलो होतो. मेव्हणी शिडीवर होती, वॉर्निश लावत. सकाळी ती यायच्या आतच काकूंना नेलं होतं; तिलाही काही पत्ता नव्हता. माणसं कामावरून परतत होती आणि एकेकाला फाटकातच कळत होतं. भाजीची पिशवी घेतलेला एक गृहस्थ थांबला. “कोण? आमच्या समोरच्या? अरे, मी सकाळी त्यांच्या दारावरून गेलो रे.”

“ग्रुपवर टाकलेलं,” कोणी म्हणालं.

“ग्रुप कोण वाचतो? फळ्यावर का नाही...” आणि बोलता बोलता त्याने वर पाहिलं.

मालवणच्या मावशी पायरीवर बसल्या होत्या. “फळो बायच्या तोंडात गेलो,” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, म्हणून ते फार लागलं.

मेव्हणी शिडीवरून उतरली. बापूंच्या समोर जाऊन म्हणाली, “बापू, मी सहा वेळा सगळ्यांना विचारलं होतं.”

“हो,” बापू म्हणाले. “त्या बैठकांच्या सूचना मीच लिहायचो. फळ्यावर. मीच बोलायला हवं होतं ग. मला वाटलं, रंगकाम झालं की परत येईल.”

रविवारी उद्घाटन होतं. शुक्रवारी सकाळी तिने फूटपट्टी आणि काळा रंग आणला. मी तिला म्हटलं, उजवीकडे मोकळी जागा आहे, फळा तिकडे कर, चेहरा वाचेल. ती म्हणाली, “फाटकातून आत-बाहेर करताना मान इथेच वळते, भाऊजी. मी आता पाहिलंय.” आणि तिने त्या चेहऱ्यावर, कपाळापासून सुरुवात करून, काळा हात दिला. दुसरा शनिवारी.

उद्घाटनाला संस्थेच्या बाई आल्या. भिंतीवर वर केसांचा अंबाडा, खाली तोंडाशी धरलेल्या हाताचं कोपर, आणि मधे दाराएवढा काळा चौकोन. बाईंनी कुतूहलाने विचारलं, “ये ब्लॅक पार्ट का कॉन्सेप्ट क्या है?” लोणच्याच्या लेबलवर जी पाऊण तास बोलली होती, ती माझी मेव्हणी म्हणाली, “फळा आहे.” बाई पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिल्या. ते आलं नाही. संस्थेच्या अहवालात त्या भिंतीचा फोटो आला नाही. वरळीची भिंत दुसऱ्या कोणाला मिळाली. तिच्यावर आता फ्लेमिंगो आहेत, कोणालाही न विचारता काढलेले, आणि लोक तिथे आनंदाने सेल्फी घेतात.

बापूंचा हात तेव्हाच थरथरायला लागला होता. मेव्हणी आठवड्यातून दोनदा, मग चारदा, मग रोजच, गिरगावहून पहिल्या बसने जाऊ लागली. बापू खुर्चीत बसून सांगायचे, ही लिहायची. “समास सोड. पाणी मोठं लिही, बाकी बारीक.” ती वर्षभर त्यांच्यासारखं अक्षर काढायला शिकत होती. मग बापूंना मुलगा गावी घेऊन गेला. मावशींची शंका खरी ठरून लुगड्याचा रंग ओलीने सुटला आहे, पाखरं पोपडे धरताहेत. चौकोन तेवढा दर गणपतीच्या आधी मंडळ काळा करून घेतं. एकदा मी तिला विचारलं, रोज लिहितेस त्याचे फोटो काढून ठेवतेस की नाही? ती म्हणाली, “कशाला? उद्या पुसायचंय.”

गेल्या महिन्यात आम्ही बाहेरगावी होतो. परत आलो तर दारावरच्या कोऱ्या पाटीवर आमचं आडनाव होतं. टपोरं, सरळ, जिन्याच्या खालून वाचता येईल असं. कापडाच्या गाठीवर घालतात तसं. तिने आम्हाला काही विचारलं नव्हतं. कुरिअर आता बरोबर येतं. मी मात्र किल्ली हातात घेऊन रोज थोडा वेळ ते अक्षर वाचत उभा राहतो, आणि आतून बायको विचारते, “कोण आहे?”